दार तेवढं उघडं ठेवा

१

शेलूबाजारच्या बाहेर, मंगरूळपीरच्या रस्त्याला, कडुलिंबाच्या एका जुन्या झाडाखाली आमच्या कंपनीचे खोके मेणकापडात बांधून ओळीने मांडून ठेवले होते. प्रत्येक खोक्यावर हळद-कुंकू वाहिलेलं आणि प्रत्येकावर एकेक लिंबू. काही लिंबं वाळून काळी पडली होती, म्हणजे खोके तिथे बरेच दिवस होते. आणि एकालाही चोराने हात लावला नव्हता.

आत टीव्ही होते! १९७८ सालचा डिसेंबर चालला होता. ज्या मुलखात माणसं सायकल घरात घेऊन झोपत, तिथे जवळजवळ नवे टीव्ही उघड्यावर पडले होते आणि भुरटा चोरसुद्धा तिकडे वळला नव्हता. माझ्या नोकरीत मी चोरीला गेलेला माल पुष्कळ शोधला. चोरांनी नाकारलेला माल मी प्रथमच पाहत होतो.

“हे इथे कोणी आणून टाकले?” मी विचारलं.

“ज्यानं त्यानं आपापला आणून ठेवला, साहेब,” देवमन म्हणाला.

देवमन हा आमच्या एजंटच्या जीपचा ड्रायव्हर. पंचविशीचा, सडपातळ, विचारलं तेवढंच बोलणारा. त्याने एका खोक्यावरचं लिंबू उचलून बाजूला ठेवलं, ताटातल्या भातातला खडा काढावा इतक्या सहज, आणि खोका खांद्यावर घेतला. रस्त्याने जाणारे दोन शेतकरी आमच्याकडे बघत थबकले होते. ते लगबगीने चालू लागले.

खोक्यातली वस्तू म्हणजे ‘चेंडूफळी’. नाव आमच्या मालकांनीच ठेवलेलं. एक छोटा टीव्ही, त्याला जोडलेली एक पेटी, आणि पेटीतून निघालेल्या दोन वायरींना दोन गोल मुठी. मूठ फिरवली की पडद्यावरची पांढरी फळी वर-खाली सरकायची आणि मधला चौकोनी ठिपका, म्हणजे चेंडू, परतवायचा. दोघांनी समोरासमोर बसून खेळायचं. अकोल्याला टीव्हीचं केंद्र होणार, अशी कुठलीशी ऐकीव बातमी धरून मालकांनी टीव्ही भरून ठेवले होते. केंद्र काही आलं नाही. मग केंद्रावाचून टीव्हीवर जे दिसेल ते विकायचं, अशी त्यांना युक्ती सुचली.

युक्ती वाईट नव्हती. फाल्गुनात माल सुटला तेव्हा चहाच्या हॉटेलवाल्यांनी घेतला, कापसाच्या अडत्यांनी घेतला, चार बागाइतदारांनीही घेतला. चैत्रात खप एकाएकी थांबला. नुसता थांबला असता तरी चाललं असतं; लोकांनी घेतलेला माल वेशीबाहेर नेऊन ठेवला.

कंपनीत माझा हुद्दा निरीक्षक असा होता. पुण्याहून निघताना मालक म्हणाले होते, “गोगटे, मला कारणं नकोत. कारणं सगळेच सांगतात. मला नाव पाहिजे. ज्याच्यामुळे माझी चेंडूफळी बुडाली, त्याला मी घरी बसवणार.”

आम्ही तो खोका एजंटच्या गोदामात नेऊन उतरवला, वायर जोडली, बटण दाबलं. पडदा उजळला आणि ठिपका टुक-टुक करत इकडून तिकडे पळू लागला. यंत्र अगदी ठणठणीत होतं.

मग देवमन गावातून रोजची जाहिरातीची फेरी मारायला निघाला. मी शेजारी बसलो. त्याने जीपमधल्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट सरकवली, टपावरचा भोंगा खरखरला, आणि मी सावरून बसलो. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. भरदार, थोडा घोगरा, आणि इतका आपलासा की वाटावं, हा माणूस मला नावाने ओळखतो.

“ऐका हो मायबाप, ऐका! मी शेषराव बोलून राह्यलो! काहून असे हिरमुसून बसले? संगं खेळाले कोणी नाही? मी हाय ना! आज वेशीवर हाय, उद्या तुमच्या घरी येतो, तुमच्या घरात खेळतो! दार तेवढं उघडं ठेवा!”

मी खुदकन हसलो. मग समोर पाहिलं आणि हसू जागच्या जागी थिजलं. जीप जसजशी पुढे सरकत होती, तसतशी रस्त्याच्या दोन्ही अंगांची दारं लागत चालली होती.

२

एजंट बबनराव दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमहून आले. अंगाने भारी, कापसाचे अडते, बोटांत अंगठ्या. चेंडूफळीची एजन्सी त्यांनी हौसेने घेतली होती आणि आता ती त्यांना नकोशी झाली होती.

“साहेब, मी वाशीमले बसतो. इथं येनं होत नाही. पण मले सगळं मालूम हाय,” ते म्हणाले. “तो रामधन हॉटेलवाला पयला. त्यानं डबा टाकला, त्याच्या मांगं बाकीच्याइनं टाकले. अन् दुसरी ते प्रयागबाई. तिच्या अंगात देवी येते. तिनंच सांगतलं असन, का हे घरात नका ठेवू.”

“आणि तिसरं?” मी विचारलं. असल्या माणसांकडे तिसरं नेहमी असतंच.

बबनरावांनी आवाज उतरवला. “तिसरा हा देवमन. दिवसभर जीपमधून बोंबलते, पण तोंडात जोर नाही. अन् साहेब, तुमी शहाणे हा, समजून घ्या. त्या वस्तीतल्या पोराच्या हातचा डबा लोकं घरात घेतीन काय?”

माझं डोकं तडकलं. “फाल्गुनात घेतलेच की! तेव्हा खोके घरोघर कोणी पोचवले?”

“देवमननंच.”

“मग चैत्रात त्याचे हात बदलले का?”

बबनरावांनी बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाले, “ते काई असो. तुमाले एक नाव पायजे ना? त्याचंच लिहा. मी उद्याच त्याले काढतो. म्हातारी माय हाय त्याची, रडन चार दिवस. तुमचंबी काम होते, माह्यंबी होते.”

खरं सांगायचं तर मोह झाला होता. पुण्याला परत जायला एक नाव पुरेसं होतं, आणि त्या नावाच्या बाजूने भांडायला कोणीही पुढे येणार नव्हतं. मालकांना नाव मिळालं असतं, बबनराव सुटले असते, मी घरी गेलो असतो.

पण बबनरावांच्या बोलण्यात एक काटा होता आणि तो मला टोचत होता. ते म्हणाले, जीपमधून देवमन बोंबलतो. काल भोंग्यातून जो बोलत होता तो देवमन नव्हता.

३

स्टँडवरचं रामधनचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक सतत रडणारा स्टोव्ह. भिंतीला एक रिकामी फळी ठोकलेली होती. चेंडूफळी त्याच फळीवर असायची.

“यंत्र बिघडलं होतं का रे?”

“नाही जी. बेस चाले,” रामधन म्हणाला. “पोट्टे त्या मुठीपायी भांडत. चहा दुप्पट खपे.”

“मग टाकलंस का?”

रामधनने फडक्याने पुसलेलं बाकडं पुन्हा पुसलं. “तो घरी येतो म्हणे ना, साहेब. कोणाच्याबी घरी येऊ नये त्यानं.”

तो म्हणजे देवमन, असं मी धरलं, आणि मनात बबनरावांच्या बाजूला एक खूण केली. आज त्या खुणेची मला लाज वाटते.

“बरं, हा भोंग्यात बोलतो तो शेषराव कुठे भेटेल?” मी विचारलं. “काय आवाज आहे गड्याचा! मला एकदा त्याचा हात हातात घ्यायचाय.”

बाकड्यावर चहा पीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने बशी तोंडाशी नेली होती, ती तिथेच राहिली. रामधन माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मी त्याची चेष्टा करतोय की काय, हे तो ताडत असावा.

“भेटन ना,” तो हळूच म्हणाला. “सगळ्याइलेच भेटन. तुमाले घाई कायची हाय?”

मला वाटलं, बडा कलाकार असेल, सहजी भेटत नसेल. मी म्हणालो, “त्याला निरोप दे. म्हणावं, पुण्याचे गोगटेसाहेब आलेत. संध्याकाळी इथेच चहाला ये. दोन कप मांडून ठेव, एक माझा, एक शेषरावाचा.”

रामधनच्या हातातला कप खाली पडून फुटला. म्हातारा चहा तसाच टाकून उठला आणि मागे न बघता निघून गेला. रामधन खाली बसून तुकडे उचलू लागला. “असं बोलू नका, साहेब,” तो म्हणाला. “तुमी बाहेरचे. पण असं बोलावू नका त्याले.”

४

प्रयागबाई घरासमोरच्या अंगणात बसून कापसातला काडीकचरा वेचत होत्या. मी अंगात देवी येणारी बाई म्हणून केस मोकळे सोडलेली, डोळे वटारलेली कोणी तरी मनात धरून गेलो होतो. समोर साधी, चष्मा लावलेली म्हातारी निघाली.

“मी कोणाले काई सांगतलं नाही,” मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. “मले इचाराले कोणी आलंच नाही. लोकाइले आपल्या कानानं ऐकू येते.”

“काय ऐकू येतं, बाई?”

“तुमी तर त्याच गाडीत बसून होते. तुमाले नाही ऐकू आलं?”

“मला जाहिरात ऐकू आली. शेषराव म्हणतो, मी तुमच्या घरी येतो, तुमच्या घरात खेळतो. यात भिण्यासारखं काय आहे?”

त्यांनी हातातलं बोंड खाली ठेवलं. “तुमच्या पुण्यात घरात कोण खेळते, बाबा?”

“कोण म्हणजे? मुलं खेळतात.”

“हां. आमच्याइकडं पोरंबी खेळतात. अन् माह्या अंगात देवी खेळते. देवी येते, खेळते, चालली जाते. पण दुसरंबी काई खेळते. ज्याचं मन भरलं नाही, ज्याचं बोलणं अर्धं राह्यलं, ते घरात येऊन खेळते. एकदा दार उघडं भेटलं का मंग निघत नाही ते.”

 प्रयागबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, कीव आल्यासारख्या.

“ते असं आधी सांगून येत नाही,” त्या म्हणाल्या. “हे सांगून येते. भोंगा लावून.”

५

संध्याकाळी मी पुन्हा देवमनशेजारी जीपमध्ये बसलो. या खेपेला आवाज ऐकण्यापेक्षा डोळे उघडे ठेवले.

बाजारपेठेत दारं लागली. वाण्याच्या गल्लीत लागली. एका उंबऱ्यावर कोणी तरी मिठाची रेघ ओढली होती. एक बाई अंगणातलं पोर दंडाला धरून फरफटत आत नेत होती आणि पोर मागे वळून भोंग्याकडे बघत होतं. कोणी शिव्या देत नव्हतं, दगड मारत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती शांतता ऐकवत नव्हती.

मग देवमनने जीप गावाच्या टोकाच्या वस्तीत वळवली. निळ्या रंगाचा झेंडा, विहार, कुडाच्या आणि विटांच्या भिंतींची घरं. इथे चेंडूफळी विकत घेईल असं एकही घर मला दिसेना. आणि इथे एकही दार लागलं नाही. बाया आपापली कामं करत होत्या. पोरं जीपमागे धावली.

एका घरासमोर देवमनने जीप थांबवली, इंजिन बंद केलं, कॅसेट मागे फिरवली आणि पहिल्यापासून लावली. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. पांढरं लुगडं, दाराच्या चौकटीवर टेकलेला हात. ती आमच्याकडे बघतच नव्हती. ती भोंग्याकडे बघत होती. ‘दार तेवढं उघडं ठेवा’ झालं आणि कॅसेट संपली, तेव्हा तिने मान किंचित हलवली आणि आत गेली.

“इथे गिऱ्हाईक कोण आहे?” मी विचारलं.

“कोणीच नाही, साहेब.”

“मग थांबलास कशाला?”

“इंजन तापलं होतं,” देवमन म्हणाला. डिसेंबरचा गार वारा अंगाला झोंबत होता. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

रामधनच्या हॉटेलपाशी मी उतरलो, देवमन जीप घेऊन पुढे गेला. बाकड्यावर बसून मी डोकं चालवलं. यंत्र बिघडलेलं नाही, मी स्वतः चालवून पाहिलं. लोक यंत्राला भितात म्हणावं, तर दारं लावली तेव्हा जीपमध्ये यंत्र नव्हतंच, काल नव्हतं आणि आजही नव्हतं. देवमनला भितात म्हणावं, तर याच देवमनच्या हातून त्यांनी खोके घेतले होते. जीपमधून तिसरी एकच गोष्ट बाहेर पडत होती आणि तिला पाहून नव्हे, ऐकून दारं लागत होती. ज्या वस्तीत लिंबू उतरवत नाहीत, मीठ टाकत नाहीत, त्या वस्तीत मात्र दारं उघडी होती. लिंबाला हात लावताना देवमनला काहीच वाटलं नव्हतं. रामधनला माझा निरोप ऐकून कप धरवला नव्हता. आणि सगळ्यांनाच एक दिवस भेटणारा, ज्याला भेटायची घाई करू नये असा माणूस कोण असतो?

माझ्या पुढ्यातला चहा गार झाला होता.

“रामधन,” मी म्हणालो, “शेषराव केव्हा गेला?”

त्याने स्टोव्ह बंद केला. पोहरादेवीला रामनवमीच्या जत्रेत, तो म्हणाला. चोहोबाजूंनी लोक लोटलेले, आणि शेषराव नेहमीसारखा माईकवर. पंचक्रोशीत लग्न असो, तंबूतला सिनेमा असो की जत्रा, बोलायला शेषरावच. त्या दिवशी तो हरवलेल्या एका मुलाचं नाव सांगत होता. नाव सांगता सांगता थांबला. भोंगे सगळीकडे लावलेले होते, त्यामुळे ते थांबणं सगळ्या जत्रेने ऐकलं. छातीत कळ आली होती.

“मंग चार दिवसांनी जीप आली,” रामधन म्हणाला. “अन् तो पुन्हा बोलाले लागला. घरी येतो म्हणे.”

मी गोदामाकडे निघालो. माझी खोली तिथेच होती. दिवेलागण झाली होती, पण वीज गेली होती आणि गोदाम अंधारात होतं. दोन दिवस मी ज्याचा हात हातात घ्यायला धडपडत होतो, तो माणूस आठ महिन्यांपूर्वी जळून राख झाला होता. कुलपाला किल्ली लावली आणि माझा हात तिथेच थांबला. भिंतीपलीकडून, अगदी हळू, अगदी जवळून, तो बोलत होता.

“संगं खेळाले कोणी नाही? मी हाय ना...”

६

मी शूर माणूस नाही. पाच मिनिटं मी त्या दाराशी घाम पुसत उभा होतो. मग मनात आलं, वीज गेली असली तरी जीपची बॅटरी चालू असते. मी भिंतीला वळसा घालून मागच्या पडवीत गेलो.

जीपमध्ये देवमन बसला होता आणि त्याच्या शेजारी ती पांढऱ्या लुगड्यातली बाई. भोंगा बंद होता. टेपरेकॉर्डरमधूनच बारीक आवाज येत होता. मला पाहून देवमनने बटण दाबलं.

“मीच हाय, साहेब,” तो म्हणाला. “लिहा माह्यं नाव. मघा तुमाले शक आला, उद्या तुमी कॅसेट नेसान, म्हणून काकीले अखेरचं ऐकवाले आनलं होतं.”

“या शेषरावांच्या कोण?”

“घरवाली,” ती बाई स्वतःच म्हणाली. “केशरबाई.”

मी जीपच्या पायरीवर बसलो.  “देवमन, तुला कळत नव्हतं का रे? लोक कॅसेट ऐकून घाबरतात हे?”

“पयले नाही कळलं. खरंच सांगतो. शेषरावकाका जाऊन चार दिवस झाले होते, त्याइनं फाल्गुनात भरून ठेवलेली कॅसेट मी लावली. मले वाटलं, लोकं खूश होतीन, आपल्या माणसाचा आवाज हाय. आमच्या वस्तीत भूत कोणी मानत नाही, साहेब. दीक्षा घेतली तवापासून माह्या बापानं घरात लिंबू येऊ देल्लं नाही. मी भेलो का मले हाताले धरून अंधारात ने अन् म्हणे, पाह्य, काई हाय का? काईच नसे. भ्यावं कसं, ते कोणी शिकवलंच नाही मले.”

“आणि कळल्यावर?”

देवमनने मान खाली घातली. बबनरावांनी त्याला सांगितलं होतं, शेषराव गेला, आता तूच बोल. बबनराव वाशीमला बसून समजत होते की तोच बोलतो. आणि गावातल्या कोणीही त्यांना सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर मेलेल्याचं नाव घ्यावं लागलं असतं.

“मी म्हटलं त्याले,” केशरबाई म्हणाल्या. “मीच म्हटलं, लाव म्हणून. त्याचा दोष नाही.”

“बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“आपल्या माणसाची कायची भीती? अन् ते कुठी आले हायत? आवाज हाय नुसता. मले मालूम हाय ते.” त्यांनी टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. “त्या दिवशी मी तंबूच्या मांगं भाकरी घेऊन बसली होती. ते बोलून राह्यले होते, का लालसिंग नावाचा पोरगा हरवला हाय, त्याच्या बापाचं नाव... अन् थांबले. मले वाटलं, पाणी पेत असतीन. मी वाट पाहून राह्यली, का आता बोलतीन, आता बोलतीन. अजूनबी मन तिथंच बसून हाय, साहेब. दिवसभर कानात ते अर्धं बोलणं राह्यते. ह्या कॅसेटमंदी ते पुरं बोलतात. शेवटापर्यंत बोलतात अन् मंग थांबतात. ते ऐकलं का मले भाकर खाता येते.”

 

“तो मुलगा?” मी मग विचारलं.

“सापडला. त्याच्या मायनं नाव ऐकलं होतं ना.”

शोध इथे संपला. आता दोषी ठरवायचा होता. घरी येतो, घरात खेळतो हे शब्द पुण्याहून कागदावर लिहून आले होते आणि लिहिले होते मालकांनी. खेळतो या शब्दाला इथे आणखी एक अर्थ आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘दार उघडं ठेवा’ ही शेषरावाची स्वतःची भर. शेषराव जिवंत होता तोवर लोक ते ऐकून हसत होते आणि खोके उचलत होते. तेच शब्द, तोच आवाज. मध्ये एक रामनवमी आली. बबनरावांनी एकदा जरी जीपमध्ये बसून फेरी मारली असती तरी पहिल्याच दिवशी सगळं मिटलं असतं. पण मालकांचं नाव मालकांना देता येत नाही, बबनराव स्वतःचं नाव लिहू देणार नव्हते, आणि उरला तो देवमन. जाणूनबुजून कॅसेट लावणारा खरोखर तोच होता.

“मालकांना एक नाव पाहिजे,” मी म्हणालो. “ज्याचं देईन त्याची भाकरी जाईल.”

देवमन म्हणाला, “माह्यंच द्या.”

“थांब तू,” केशरबाई म्हणाल्या. त्यांनी पदर नीट केला, जणू कोणा मोठ्या माणसासमोर बोलायचं होतं. “साहेब, त्याइचंच नाव लिहा. शेषराव. आवाज त्याइचाच हाय ना? जितेपणी त्याइनं कोणाच्या पोटावर पाय देल्ला नाही. आता त्याइच्या आवाजापायी ह्या पोराची भाकर गेली, तर ते त्याइले आवडनार नाही. लिहा. त्याइची भाकर आता कोणी नेऊ शकत नाही.”

७

पुण्यात मालकांनी माझ्या तोंडून नाव ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हा शेषराव कोण? आजच्या आज काढा त्याला.”

“तो गेला, साहेब.”

“बरं झालं,” मालक म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. त्या दोन शब्दांसाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

चेंडूफळी त्यानंतरही खपली नाही. देवमन स्वतःच्या तोंडाने ओरडू लागला, दारं लागायची थांबली, रामधनने झाडाखालचा आपला खोका परत नेला. पण पुढल्या हंगामात लोकांना ठिपक्याचा कंटाळा आला. टीव्ही घ्यायचा आणि त्यावर ठिपकाच बघायचा, हे किती दिवस चालणार? तो दोष कोणाचा हे शोधायला मालकांनी मला पाठवलं नाही. पाठवलं असतं तर फार लांब जावं लागलं नसतं.

मी शेलूबाजार सोडलं त्या सकाळची गोष्ट मात्र मी मालकांना सांगितली नाही. कॅसेट कंपनीची होती आणि ती परत आणायची, असा मला हुकूम होता. ती माझ्या बॅगेत होती. देवमन मला वाशीमला सोडायला निघाला आणि काही न बोलता त्याने जीप वस्तीकडे वळवली. मीही काही बोललो नाही.

घरासमोर जीप थांबली. मी बॅग उघडली, कॅसेट काढली आणि माझ्याच हाताने लावली. भोंगा लावला नाही. पोरं गोळा झाली, ती आपोआप गप्प राहिली. त्या थंडीत शेषराव पहिल्यापासून बोलला, कुठेही न थांबता. मग मी कॅसेट काढून देवमनच्या हातात दिली आणि पुण्यात सांगितलं की फीत तुटली, टाकून दिली. देवमनने केशरबाईंसाठी बबनरावांचा जुना टेपरेकॉर्डर मागून आणायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, आता जीप या गल्लीत आणायची गरज नाही.

पण माझ्या लक्षात राहिलं आहे ते शेवटचं वाक्य. “दार तेवढं उघडं ठेवा,” शेषराव म्हणाला. केशरबाई चौकटीवर हात टेकून उभ्या होत्या. आम्हाला ऐकू यावं म्हणून त्या बोलल्या नाहीत, तरी मला ऐकू आलं.

“उघडंच हाय,” त्या म्हणाल्या.